माळ्यावरची कबुतरं

फार पूर्वी, चीनकडून निघालेले उंट वाळवंट तुडवत येऊन जिथे पाण्याला थांबायचे, अशा एका शहरात एक माग होता आणि त्या मागावर दोन भाऊ होते. दोन होते असं मी म्हणतेय, पण जगाला एकच माहीत होता. ते कसं, तेच सांगायचंय. आधीच सांगून ठेवते बाई, गोष्ट गोड नाही. मी लहानपणी ऐकली तेव्हा हातातला घास हातातच राहिला होता.

थोरल्याचं नाव बख्तियार, धाकट्याचं नासिर. त्यांचा माग जरीचं रेशीम विणायचा होता, आणि असला माग एकट्याने चालतच नाही. एकाने खाली बसून आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. दुसऱ्याने बसायचं वर, छताला टेकलेल्या माळ्यावर. उभ्या धाग्यांना बांधलेल्या दोऱ्यांचा अख्खा गुंता त्याच्यापुढे लोंबत असतो. दर धोट्याच्या आधी त्याने नेमक्या दोऱ्या ओढायच्या, तेव्हा कुठे कापडावर डाळिंबाचं एक पान उमटतं, मोराचा एक डोळा उमटतो. दोरी चुकली की मोर काणा झालाच म्हणून समजा.

खाली बख्तियार बसायचा आणि वर नासिर. कुठली दोरी कधी, हे सगळं नासिरच्या डोक्यात. दोऱ्या बांधायचा तोच, ओढायचा तोच. दिवसभर वर बसून त्याची पाठ वाकली होती आणि रेशमाची धूळ नाकातोंडात जाऊन त्याला बारीक खोकला लागला होता. स्वभावाने मात्र असा गरीब, की त्याच्या ताटातलं कोणी उचललं तरी तो पाणी पिऊन उठेल.

पश्चिमेकडचा एक व्यापारी दरवर्षी त्यांच्याकडे यायचा. बाहेरच्या खोलीत बसायचा, सरबत घ्यायचा, कापडावरून हात फिरवायचा. पहिल्या वर्षी त्याने विचारलं, हे कोणी विणलं? बख्तियार सहज म्हणून गेला, मी विणलं. एकट्याने? व्यापाऱ्याने डोळे मोठे केले. ते मोठे झालेले डोळे बख्तियारला फार आवडले. तो म्हणाला, एकट्यानेच.

बघा, इथेच सगळं झालं. त्यात त्याला एक कवडी जास्तीची मिळाली नाही. व्यापारी दोघांच्या कामाचा जो भाव देत होता तोच देत राहिला. पण स्तुती कोणाला कडू लागते? पुढच्या वर्षी व्यापाऱ्याने येऊन सांगितलं की पार समुद्राकाठच्या बाजारात लोक तुझं नाव घेतात, एकट्या माणसाचा हात म्हणून कौतुक करतात. झालं! बख्तियार हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्याने कापडाच्या काठावर आपलं नाव विणायला सुरुवात केली.

आता गंमत ऐका, म्हणजे तिला गंमत म्हणवत नाही. काठावरचं नाव विणायचं तरी त्याच्या दोऱ्या ओढाव्या लागतात. त्या कोण ओढणार? नासिरच. भावाच्या नावाचं एकेक अक्षर तो वर बसून ओढायचा. एकदाच त्याने भीतभीत विचारलं की दादा, कधीतरी माझंही नाव येईल ना? बख्तियार म्हणाला, काठ केवढासा, त्यात दोन नावं कशी मावतील? नासिरने काठाकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

एका वर्षी व्यापारी बाहेर बसलेला असताना आतून, माळ्यावरून, खोकल्याचा आवाज आला. व्यापाऱ्याने विचारलं, वर कोण आहे? बख्तियारने डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, कोणी नाही, माळ्यावर कबुतरं आहेत.

नासिरने ते ऐकलं. पुढचा खोकला येत होता तो त्याने तोंडात कापडाचा बोळा कोंबून दाबला. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज येऊ दिला नाही. जेवताना मात्र हसत हसत म्हणाला की दादा, या कबुतरालाही एक रोटी वाढ. दोघंही हसले. धाकटा हसला म्हणून थोरल्याला वाटलं, त्याला चालतंय. हसणाऱ्या माणसाला दुखत नाही, असं आपण सगळेच सोयीने समजतो.

अशी वर्षं गेली. मग पूर्वेकडून बातम्या येऊ लागल्या. मंगोलांचा खान निघालाय म्हणे, शहरांमागून शहरं पडताहेत म्हणे. लोकांनी ऐकलं आणि सोडून दिलं. आमच्या भिंती उंच, आमचं धान्य भरपूर, असं पारावर बसून म्हणायला काय जातं? आणि एके दिवशी त्या उंच भिंती पडल्या. ज्या वेशीत सकाळी खरबुजांच्या गाड्या लागायच्या, तिथे घोडेच घोडे उभे होते. लोकांना रडायलाही सुचेना. शेजारीण दारात उभी होती, हातात पिठाची परात तशीच, आणि ती परात खाली ठेवायची असते हेसुद्धा तिला आठवत नव्हतं.

सगळ्या शहराला बाहेरच्या माळरानावर आणून उभं केलं. खानाचा अंमलदार घोड्यावर बसला होता. त्याने हुकूम सुनावला. कारागीर असतील त्यांनी उजवीकडे यायचं. त्यांना पूर्वेला नेऊन खानाच्या कारखान्यांत कामाला बसवणार होते, त्यांच्या जिवाला धक्का लागणार नव्हता. बाकीचे पुरुष डावीकडे. त्यांना फौजेच्या पुढे घालून पुढच्या शहराचे खंदक भरायला हाकणार होते. खंदक भरायला गेलेला माणूस परत येत नाही, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

दोघं भाऊ उजवीकडे गेले. अंमलदारासमोर त्यांची पाळी आली तेव्हा दुभाषा म्हणून कोण उभा असावा? तोच व्यापारी. सगळे रस्ते, सगळ्या भाषा व्यापाऱ्यांनाच ठाऊक असतात, म्हणून खानाने त्यांना हाताशी धरलं होतं. त्याच्या गळ्यात खानाचा शिक्का लोंबत होता. ओळखीचा चेहरा दिसताच बख्तियारला हायसं वाटलं. वाटलं, सुटलो.

अंमलदाराने विचारलं, "या घरात कारागीर किती?"

बख्तियार म्हणाला, "दोन. मी आणि माझा भाऊ."

हो, दोनच म्हणाला तो. तुम्हाला वाटलं असेल, एक म्हणेल. इतका वाईट नव्हता तो. भावावर त्याचा जीव होता, हे काय आपल्याला ठाऊक नाही?

पण अंमलदार वैतागलेला होता. सकाळपासून त्या शहरातले न्हावी सुतार झाले होते आणि हमाल सोनार झाले होते. जो तो भावाला, मेव्हण्याला कारागीर म्हणून पुढे करत होता. त्याने नासिरला नीट पाहिलं. वाकलेली पाठ, खोकला, हातांना दोऱ्यांचे घट्टे. नासिरने हात पुढे केले, म्हणाला, मी दोऱ्या ओढतो, माग द्या, आत्ता दाखवतो. पण माग केव्हाच सुटा करून गाड्यांवर चढवला होता, आणि गाड्या निघूनही गेल्या होत्या. घट्ट्यांचं काय, अंमलदार म्हणाला, ते हमालाच्याही हाताला असतात.

मग तो व्यापाऱ्याकडे वळला. म्हणाला, या घरचं कापड तू बाजारोबाजार विकलंयस, तेव्हा खरं काय ते तू सांग. खोटं बोललास तर तूही डावीकडे जाशील.

व्यापाऱ्याने गळ्यातला शिक्का मुठीत धरला. माणूस वाईट नव्हता. त्याने बख्तियारकडे पाहिलं, नासिरकडे पाहिलं. नासिरला तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता. मग जे त्याला खरं वाटत होतं, तेच तो बोलला.

"काठावर नाव एकाचंच असतं. मी एकटाच विणतो, असं यानेच मला दरवर्षी सांगितलंय. एकदा माळ्यावर आवाज आला म्हणून मी विचारलंही होतं. तर म्हणाला, कबुतरं आहेत."

बख्तियारला आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले. तो गुडघ्यांवर बसला. हात जोडून म्हणाला की मी तेव्हा खोटं बोललो होतो, हा माझा भाऊ आहे, सगळी नक्षी याचीच आहे.

अंमलदाराने शांतपणे विचारलं, "तेव्हा खोटं बोलून तुला काय मिळालं?"

बख्तियार आठवू लागला. काय मिळालं होतं? मोठे झालेले दोन डोळे मिळाले होते. ते अंमलदाराला कसं दाखवणार?

अंमलदार म्हणाला, "जीव वाचवायला माणूस खोटं बोलतो, ते मी सकाळपासून बघतोय. पण काहीच मिळणार नसताना वर्षानुवर्षं कोणी खोटं बोलत नाही. म्हणजे तू तेव्हा खरं बोललास आणि आज खोटं बोलतोयस. एक कारागीर. पुढचा या."

संपलं. एवढ्यातच संपलं. शिपायाने नासिरच्या दंडाला धरून त्याला डावीकडे लोटलं. बख्तियार ओरडत राहिला, दोन आहेत, दोन आहेत. त्या माळरानावर सगळेच काही ना काही ओरडत होते, त्यात त्याचं कोण ऐकणार? नासिरला खोकल्याची उबळ आली. बख्तियारने डोळे फाडून पाहिलं तर पोराने सवयीने, अगदी सवयीने, तोंडात बाही कोंबली आणि खोकला दाबला. गर्दीने त्याला ओढून नेलं. मग तो दिसला नाही, पुन्हा कधीच दिसला नाही.

बख्तियारला इतर कारागिरांबरोबर पूर्वेला नेलं, डोंगर ओलांडून, वाळवंट ओलांडून. त्याचं कापड ज्या दिशेला हिंडून नाव कमावत होतं, तिच्या अगदी उलट दिशेने. तिथे त्याचा माग पुन्हा जोडला आणि मदतीला दिलेल्या एका माणसाला माळ्यावर बसवलं. बख्तियारने धोटा हातात घेतला आणि वाट बघत बसला. वरचा माणूसही वाट बघत बसला, कुठली दोरी ओढायची ते बख्तियार सांगेल म्हणून. आणि बख्तियारला एकही दोरी सांगता येईना. ज्या मोराखाली आयुष्यभर स्वतःचं नाव घातलं, त्याच्या पिसाची सुरुवात कुठून होते हे त्याला माहीत नव्हतं. तेव्हा तो मागावर डोकं टेकून असा रडला, की सगळा कारखाना थांबून बघत राहिला.

त्याला साधं पट्ट्यापट्ट्यांचं कापड विणायला लावलं. असल्या कापडाला वर माणूस लागत नाही, म्हणून मदतनीसही काढून घेतला.

पुढे वर्षं लोटली. खानाचं राज्य बसलं, रस्ते निर्धास्त झाले, जागोजागी ताजे घोडे आणि चौक्या आल्या. ज्या राज्याने शहरं मोडली, त्याच राज्यात आता व्यापारी गाणी म्हणत प्रवास करायचे. असा फिरत फिरत तो व्यापारीही एकदा तिथे येऊन पोहोचला. बख्तियारला पाहून तो मागाजवळ येऊन बसला. म्हणाला, "मी त्या दिवशी खोटं बोललो नाही रे."

"नाही," बख्तियार म्हणाला. "तू माझंच बोललास."

खानाच्या राज्यात माणसं मोजायचा भारी शिरस्ता. दरवर्षी कारकून यायचा, कुठल्या मागावर किती कारागीर ते लिहून घ्यायचा आणि माणशी ठरलेलं कापड सरकारात भरावं लागायचं. लोक काय करायचे, दोघं असले तर एक सांगायचे. बख्तियारकडे कारकून आला तेव्हा त्याने विचारलं, कारागीर किती?

बख्तियार म्हणाला, "दोन."

दुसरा कुठाय, म्हणून कारकुनाने विचारलं. बख्तियारने माळ्याकडे बोट केलं. कारकून शिडी चढून वर गेला. वर एक स्वच्छ चटई अंथरलेली होती, खोकल्यावर घ्यायला म्हणून मधाच्या पाण्याचा वाडगा झाकून ठेवला होता, आणि माणूस कोणी नव्हतं. कारकून खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने समजावलं की बाबा रे, दोन लिहिलं तर दोघांचं कापड भरावं लागेल, मेलास तरी सूट मिळणार नाही.

"दोनच लिहा," बख्तियार म्हणाला.

त्या वर्षी त्याने दोघांचं कापड भरलं. पुढच्या वर्षीही भरलं. डोळे जाईपर्यंत भरत राहिला. कापड साधंच असायचं, नुसते पट्टे. काठावर नाव विणायला दोऱ्या ओढणारा नव्हता, म्हणून तो ते सुईने भरायचा. आधी नासिर, मग बख्तियार. काठ पूर्वीएवढाच होता. दोन नावं त्यात सहज मावत होती.

तात्पर्य: ज्याचा हात आपल्या कामाला लागलाय त्याचं नाव चांगल्या दिवसांतच घ्यावं, वाईट दिवशी ते कितीही ओरडून घेतलं, तरी आपलंच जुनं खोटं आधी साक्षीला उभं राहतं.