गाणाऱ्या डासांचा जलमहाल

एका राज्यात सुख इतके उदंड होते, की राजाला सुखाचाही शीण येई. तो शीण घालवण्यासाठी राजा मणिरथ दर शरद ऋतूत सरोवरकाठच्या जलमहाली विश्रांतीला जाई. त्या सरोवराचे मूळ मात्र शोभिवंत नव्हते. मणिरथाच्या पणजोबांना खिडकीतून पाणी पाहायचे होते, म्हणून त्यांनी एक वाहता ओढा बांध घालून अडवला. ओढ्यातील जलदेवता काठावर येऊन म्हणाली, "राजा, ज्या पाण्याला तुझे कुळ थांबवील, ते पाणी पंख लावून उठेल आणि तुझ्या कुळाचे रक्त मागेल." पणजोबांनी तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि खिडक्या आणखी मोठ्या करवल्या.

तेव्हापासून जलमहाली डास होते. राजे येत, चावून घेत, अंग खाजवत आणि राजधानीस परतल्यावर हवापालटाची स्तुती करीत.

त्या घराण्याची एक रीत होती. राणी निवर्तली, की तिच्या नावाने महालाच्या सज्जात एक पाषाणकुंभ पाण्याने भरून ठेवीत. तो रिता करणे म्हणजे तिला पुन्हा मारणे, असे मानीत. मणिरथाची राणी शशिप्रभा याच महाली, विश्रांतीच्याच दिवसांत, हिवतापाने गेली. राजाने स्वहस्ते तिचा कुंभ भरला. पुढच्या शरदात त्या कुंभातून जे डास उठले, ते इतर डासांसारखे गुणगुणत नव्हते. ते शशिप्रभेच्या आवाजात अंगाई गात होते.

राजाने सज्जात आसन मांडले. दिवेलागणीला तो बाह्या मागे सारून बसे. डास चावत आणि तो डोळे मिटून ऐके. अंगावर गांधी उठत, त्यांना तो आभूषणे मानी. शोक सिंहासनावर बसला, की त्याला शहाणपण सांगणारा कोणी उरत नाही. धुराने गाणे विरते, म्हणून राजाने महालात धुरी बंद करवली. वळचणीच्या पाकोळ्या डास टिपून खात, म्हणून त्यांची घरटी काठ्यांनी पाडवली. पिल्ले फरशीवर पडली. ती केरासोबत लोटण्यात आली.

आई गेली तेव्हा राजकन्या इंदुलेखा पाळण्यात होती. दाई नीलाक्षीने तिला इतकी वर्षे राजधानीतच राखले होते. यंदा राजाने हट्टाने बरोबर आणले. नीलाक्षीने आपल्याकडून कसूर केली नाही. मुलीला लांब बाह्यांचे फिकट वस्त्र घाली, मच्छरदाणीचे काठ गादीखाली खोची, चावलेल्या जागी कोरफडीचा गर लावी, नखे कापी आणि खाजवू नये म्हणून दटावी. पण सांज झाली, की बाहेर अंगाई सुरू होई आणि मुलगी आपल्या हाताने मच्छरदाणी उचली. दाईने तिला कारण विचारले.

"आई बाहेर उभी आहे," इंदुलेखा म्हणाली. "तिला आत घ्यायला नको का?"

थोड्याच दिवसांत तिला हुडहुडी भरली. वैद्याने नाडी पाहिली आणि मान खाली घालून सांगितले, की हा राणीसाहेबांचाच ताप आहे. मुलीला राजधानीस नेऊ पाहिले, तर डास गात गात पालखीमागून आले आणि ती ग्लानीतही पालखीतून उडी घेऊ लागली. पालखी वेशीवरून माघारी आणावी लागली.

तेव्हा राजा सरोवरापलीकडे कालकंठ मांत्रिकाकडे गेला. मांत्रिक आपल्या दारातील डबकी मातीने बुजवीत होता. तो उठला नाही. शाप काढण्याची विद्या आपल्याला नाही, आपण केवळ पक्ष्यांना वाचा देतो, असे त्याने सांगितले. डासांचे मर्म पाकोळीस ठाऊक असते. महाराजांच्या वळचणीची एखादी आणावी.

वळचणीला आता एकही उरली नाही, असे राजाने सांगितले.

"मग माझ्या आढ्याची घ्या," मांत्रिक म्हणाला. "डावा पंख मोडका आहे. तुमच्याच महालातून आली."

त्याने पाकोळीच्या चोचीला भस्म लावले. ती राजाकडे पाहून म्हणाली, "माझी पिल्ले कुठे पुरलीस?"

"पुरली नाहीत."

"ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ऐकायचे होते." मग ती म्हणाली, "तुझी लेकही पिल्लूच आहे. तिच्यावर राग धरून माझी परत येणार नाहीत. तीन कामे सांगते. एक जरी राहिले, तरी तिन्हींचे फळ नाही. दिवेलागणीपूर्वी दालनादालनांत कडुलिंबाच्या पाल्याची धुरी दे. मुलीच्या उशाशी बसून, गाणारी तिची आई नव्हे, असे स्वमुखाने सांग. आणि जे पाणी थांबवले आहे, ते मोकळे कर."

राजाने पहिले काम त्याच दिवशी केले. धुराने भिंतींवरील सोनेरी चित्रे काळवंडली. शशिप्रभेच्या तसबिरीचा चेहरा सर्वांत आधी झाकोळला. कोनाकोपऱ्यांतले डास निघून गेले. गाणारे तेवढे बाहेर सज्जात, कुंभाभोवती राहिले.

दुसऱ्या कामासाठी तो मच्छरदाणीत शिरून मुलीच्या उशाशी बसला. बाहेर अंगाई सुरू झाली, तेव्हा त्याने तिचे दोन्ही हात धरले. "इंदू, ही तुझी आई नव्हे. हे डास आहेत."

मुलीने तापलेले डोळे उघडले. "मग बाबा, तुम्ही रोज त्यांच्यापाशी का बसता?"

राजा मच्छरदाणीचा काठ पुन्हा खोचू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने बांध फोडवला. सरोवर गडगडत वाहून गेले. तळाशी चिखल आणि पणजोबांच्या काळी बुडालेली एक नाव उरली. आजीचा कुंभ त्याने उपडा केला, आईचाही केला. शशिप्रभेच्या कुंभाशी येऊन तो थांबला, आणि एवढे पाणी सोडल्यावर एका कुंभाने काय होणार आहे, असे सज्जाला सांगून आत गेला.

त्या सांजेला उरलेली अंगाई पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आली. इंदुलेखेचा ताप वाढला. ती दाईलाही ओळखेना. राजाने बरोबर आणलेली पाकोळी कठड्यावर बसली होती. ती म्हणाली, "पूर्वजांचे पाणी सोडायला हात सैल असतो. तू थांबवलेले कोणते?"

राजा उजाडताच कुंभापाशी गेला. आत अळ्या वळवळत होत्या. त्याने काठाला हात लावला, तोच पाण्यातून शशिप्रभेचा आवाज आला.

"नाथ, मला सांडू नका."

"इंदुलेखा तापाने फणफणली आहे," राजा म्हणाला.

"मला सांडू नका."

"ती तुला आत घ्यायला मच्छरदाणी उचलते. ती मरेल."

"मला सांडू नका."

राजाने पाण्यात वाकून पाहिले. जिने शेवटच्या तापातही पाळण्याची दोरी हातची सोडली नव्हती, ती शशिप्रभा मुलगी कशी आहे एवढे तरी विचारती. आत जे होते, त्याला मूल नव्हते; त्याला केवळ भूक होती. इतके शरद तो त्या भुकेलाच कुरवाळीत आला होता. त्याने कुंभाला खांदा लावला आणि तो उपडा केला. पाणी फरशीवर पसरले आणि उन्हात सुकले. त्यात रडणे नव्हते, आवाज नव्हता.

सांज झाली. महालात कोणीही गायले नाही. मुलीला घाम सुटला, ताप उतरला आणि शाप संपला.

"आज आई गायली नाही," ती म्हणाली.

राजाने अंगाई म्हणायला तोंड उघडले. पण त्याला एकही चरण आठवेना. त्याने ती मुलीसाठी कधी ऐकलीच नव्हती. शेवटी नीलाक्षीने म्हटली, किंचित बेसूर, आणि मुलगी झोपली.

राजाने पाकोळीला वळचणीस परत येण्याची विनंती केली, अभय दिले, फळ्या ठोकवल्या. ती म्हणाली, "दुसऱ्या येतील. त्यांना फरशी ठाऊक नाही."

दुसऱ्या आल्या. ती मांत्रिकाच्याच आढ्याला राहिली.

जलमहालाच्या मोठ्या खिडक्यांतून आता पाणी दिसत नाही. ओढा तेवढा ऐकू येतो. राजा अजूनही विश्रांतीला जातो, मुलीचा हात धरून, आणि दोघे मच्छरदाणीचे काठ नीट खोचून निजतात. सज्जात तिन्ही कुंभ उपडे आहेत. कहाणी इथे रिती झाली. ऐकणाऱ्याने आपापले भांडे उपडे करून निजावे.