नंदिकेच्या खुराड्यातले पीस

पूर्वी वेणुवती नगरीत अरिष्टसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी रानहंसाच्या कुळात जन्म घेतला आणि वयात आल्यावर ते एका मोठ्या थव्याचे नायक झाले. उन्हाळा हिमालयापलीकडे काढायचा आणि थंडी पडू लागली की दक्षिणेला कुमुद सरोवरावर उतरायचे, असा त्या थव्याचा नेम होता.

सरोवराच्या काठी कुमुदग्राम नावाचे गाव होते. गाव कोंबड्या पाळून जगे. इथली अंडी थेट राजाच्या स्वयंपाकघरात जात, त्यामुळे गावाला आपल्या कोंबड्यांचा अभिमान, आणि कोंबड्यांपेक्षाही हंसांचा अधिक. हंसांच्या पायगुणाने खुराडी भरतात, अशी त्यांची श्रद्धा होती. हंस उतरले की गावकरी काठावर नवा तांदूळ पसरीत. हंसांचे उष्टे दाणे प्रसाद म्हणून कोंबड्यांना घालीत. हंसाचे गळलेले पीस सापडले तर ते कपाळाला लावून खुडूक कोंबडीखाली, अंड्यांमध्ये ठेवीत. असा मान मिळाल्यावर कुणाचेही डोके फिरेल. थव्यातल्या चिरक नावाच्या हंसाचे तर कधीच फिरले होते.

चिरक थव्याचा वाटाड्या. पुढे उडून जायचे आणि कुठे उतरायचे ते ठरवायचे, हे त्याचे काम. त्या वर्षी थवा वाटेतल्या एका दलदलीत विसाव्याला थांबला, तेव्हा पलीकडच्या काठी परके हंस माना टाकून पडलेले चिरकाने पाहिले. काही मेलेले होते. पुढे त्याच्याही डोळ्यांतून पाणी गळू लागले, पंख जड झाले, पिसांच्या मुळाशी उवा वळवळू लागल्या. अंगात जोर होता म्हणून तो सावरला. पण नायकाला त्याने यातले काही सांगितले नाही. सांगितले असते तर नायकाने थवा गावाजवळ उतरूच दिला नसता, आणि चिरकाला तर नव्या तांदळाचा वास आतापासूनच येत होता.

कुमुदग्रामात पाण्याला लागून शेवटचे घर नंदिकेचे. ती तरुण विधवा होती. एक खुराडे, त्यावर तिचे पोट. दरवर्षी चिरक थेट तिच्या अंगणात उतरे आणि ती त्याला ओंजळीतून दाणे भरवी. त्या वर्षीही तिने भरवले. उडताना त्याचे एक पीस गळले. ते तिने कपाळाला लावले आणि आपल्या सर्वांत चांगल्या कोंबडीखाली ठेवले. ते पाहून चिरकाची छाती फुगली होती. पुढे हे आठवले की त्याला जीव नकोसा होई.

थोड्याच दिवसांत ती कोंबडी चोचीने आपलेच अंग टोचू लागली, अंड्यांवरून उठून गेली. मग तिचा तुरा काळवंडला, मान लुळी पडली आणि ती मेली. पाठोपाठ नंदिकेचे सारे खुराडे रिकामे झाले. मग शेजारचे, मग त्याच्या शेजारचे. गावात पहाटे कोंबडा आरवेनासा झाला.

गाव काठाजवळच्या पिंपळाखाली जमले. गावचा मुख्य, ज्याला सगळे ग्रामणी म्हणत, तो मेघिल म्हणाला, "पहिली कोंबडी हिची मेली. आधी नवऱ्याला खाल्लं, आता गावाच्या पोटावर उठली. पांढऱ्या पायाची बाई ही."

"ग्रामणीबाबा, हंसांची सेवा माझ्याइतकी कुणी केली नाही हो," नंदिका म्हणाली. "औंदाचं पहिलं पीस माझ्याच खुराड्यात होतं."

"तरी मेल्या ना? म्हणजे हंसाचा प्रसादही तुझ्या हाती नासला. उद्या सकाळी गाव सोडायचं. तुझं घर आम्ही जाळून टाकू."

तिच्या बाजूने कुणी चकार शब्द काढला नाही. ती उठून काठावर आली. चिरक तिथेच चरत होता.

"ये रे राजा," तिने हात पुढे केले. "आज दाणे नाहीत. पण तू तरी जवळ ये."

चिरकाने सभेतले सारे ऐकले होते. त्या रिकाम्या ओंजळीकडे पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याचा पाय पुढे पडेना. तो वळला आणि लव्हाळ्यात शिरला. तिथून तो नायकाकडे गेला आणि दलदलीपासूनचे सगळे त्याने एका दमात सांगून टाकले.

बोधिसत्त्वांनी मान वळवून नंदिकेच्या घराकडे पाहिले.

"पण मी मुद्दाम थोडंच केलं?" चिरक म्हणाला. "आणि माणसं हंसाला कधी दोष देणार नाहीत."

"नाही देणार. म्हणूनच तर तो तिच्यावर आला," बोधिसत्त्व म्हणाले. "मी थव्याचा नायक. माझा वाटाड्या आजारी होता आणि मला कळलं नाही, याची मला लाज वाटते. सकाळी मी तिच्या दारी जाणार आहे. तूही चल. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला बरं वाटेल."

सकाळी नंदिकेच्या भिंतींना पेंढा लावला होता. मेघिलाच्या हातात पेटता पलिता होता. बोधिसत्त्व अंगणात उतरले. चिरक लव्हाळ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"ही बाई निर्दोष आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "हा रोग माझ्या थव्याने आणला."

लोकांनी हात जोडले. काहींच्या डोळ्यांत पाणी आले. "किती ही दया!" मेघिल म्हणाला. "पापिणीला वाचवायला स्वतःवर आळ घेताहेत!" कुणीतरी तर धावत जाऊन सुपात तांदूळ घेऊन आले. लव्हाळ्यात चिरकाने मान आणखी खाली घातली. दलदलीत काय पाहिले ते सांगू शकणारा तो एकटाच होता.

चिरकाच्या अंगावरच्या उवा एव्हाना थवाभर पसरल्या होत्या. बोधिसत्त्वांनी नंदिकेसमोर आपला पंख पसरला. "बाई, पिसं बाजूला करून बघ."

ती कचरत पुढे झाली. पिसे विंचरताच उवा तिच्या बोटांवर चढल्या. तिने त्या लगेच ओळखल्या. "ह्याच," ती म्हणाली. "माझ्या कोंबडीच्या अंगावर ह्याच होत्या."

"ह्या दिसतात. रोग दिसत नाही, पण तोही आमच्याच बरोबर आला. आमच्या उष्ट्यातून आणि पिसांतून तुम्ही तो आपल्या हातांनी कोंबड्यांना दिलात, आणि आम्ही तांदूळ खात राहिलो."

मेघिलाच्या हातातला पलिता खाली आला. मग गर्दीतून एक ढेकूळ आले आणि बोधिसत्त्वांच्या पंखाच्या मुळाशी लागले. मग दुसरे आले. बोधिसत्त्व जागचे हलले नाहीत. प्रत्येक ढेकळाबरोबर चिरकाला वाटे, आता बाहेर पडावे. पण तो बाहेर पडला नाही.

लोकांचा राग ओसरल्यावर बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, "आमची पिसं जाळून टाका. मेलेल्या कोंबड्या खोल पुरा. उरलेल्यांना तळ्यावर सोडू नका, विहिरीचं पाणी द्या आणि राखेत लोळू द्या. आम्हाला पुन्हा कधी दाणे टाकू नका. आमच्यावर माया असेल तर लांबूनच बघा."

नंदिकेचे घर वाचले. थवा त्याच दिवशी उडाला आणि दूरच्या खाऱ्या सरोवरावर उतरला. तिथे जवळपास वस्ती नव्हती आणि गवत कडू होते. बोधिसत्त्वांचा तो पंख पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. चिरक त्यांच्या रागावण्याची वाट पाहत राहिला. शेवटी न राहवून त्याने विचारले, "नायका, मला काहीच का बोलत नाही?"

"मला तू सांगितलंस," बोधिसत्त्व म्हणाले. "तिला सांगायचं राहिलं."

पुढच्या थंडीत थवा कुमुदग्रामावरून गेला, पण फार उंचावरून. खाली पाण्यालगतच्या घरी एक बाई खुराड्याला जाळी बांधत होती. चिरकाने मान वळवून पाहिले आणि तो तसाच उडत राहिला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात भिक्खूंना सांगितली. तिथे नुकतीच खरजेची साथ आली होती. अंगण झाडणाऱ्या वासुलेने ती आणली असे सगळ्यांनी ठरवले होते आणि तिला दाराबाहेर काढले होते. कथा संपवून शास्ता म्हणाले, "तेव्हाची नंदिका म्हणजे आजची वासुला. तेव्हाचे गावकरी तुम्ही. थव्याचा नायक मी होतो. आणि चिरक इथेच बसला आहे. त्याचं नाव मी घेणार नाही. त्या जन्मी मी ह्री हा गुण पाळला, ह्री म्हणजे लाज. लाज चिरकालाही वाटली होती. पण त्यानं ती लव्हाळ्यात ठेवली, म्हणून ती नंदिकेच्या कामी आली नाही."

भिक्खू एकमेकांकडे पाहू लागले. शेवटच्या रांगेत एक जण बसला होता. तो अरण्यातून परतलेला होता आणि कथाभर चीवराखाली हात घालून हळूच खाजवत होता. त्याचा हात थांबला. तो उठला, सगळ्यांच्या देखत सभेमधून चालत गेला आणि दाराबाहेर वासुलेसमोर उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "खरूज मी आणली. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

वासुलेने त्याच्याकडे नीट पाहिले. मग भिंतीला टेकवलेला खराटा उचलून ती आत आली.