डोंगराची जमीन आणि दचकणारी हौसा

एक होता डोंगर. त्याच्या पायथ्याशी त्याची स्वतःची जमीन होती, काळीभोर आणि लोण्यासारखी मऊ. ओढ्याच्या अलीकडे राहायची हौसा. ती इतकी दचकायची, इतकी दचकायची, की तव्यावरची भाकरी फुगली तरी "अगं बाई!" म्हणून मागे सरायची. खरंच, बरं का!

हौसाला शेती करायची होती, पण जमीन नव्हती. मग एक दिवस तिनं धीर केला आणि डोंगराला म्हणाली, "डोंगरबाबा, तुमची जमीन मला खंडानं द्या."

डोंगर म्हणाला, "घे. राशीतलं पहिलं माप माझं, तोच माझा खंड. पण रास लागेल त्या दिवशी मी मातीला विचारीन, तुझा कसणारा कोण? तिनं तुला ओळखलं, तर जमीन तुझ्याकडेच राहील. नाही ओळखलं, तर परत घेईन."

मग हौसानं अनवाणी फिरून तूर पेरली, बांधालगत थोडी ज्वारीही पेरली. नाकतोडा उडाला, "अगं बाई!" ससा पळाला, "अगं बाई!" दर खेपेला हातभर उंच उडी. पण तूर कमरेच्या वर गेली, तसं आत काय दडलंय ते दिसेना. मग ती बांधावरूनच परत यायला लागली.

घरी होती तिची गजराआत्या. ती म्हणाली, "पोरी, एवढी भीती वाटते तर कारभारी ठेव की."

"आणि त्यानंच पीक घालवलं तर?"

"मग तू जा."

"आणि तुरीतून काही अंगावर आलं तर?"

"मग ठेव बाई, ठेव!" आत्या कपाळावर हात मारून म्हणाली.

पहिला कारभारी म्हणून आली वावटळ. "एका गिरकीत सगळं रान बघून येते," म्हणाली. आणि बघितलंही. पण गिरकीसरशी तुरीचा पिवळा फुलोरा खाली! नशीब, तुरीला पुन्हा कळ्या धरल्या. हौसानं हात जोडले, "वावटळबाई, तुम्ही खळ्यावर या हं, भुसा उडवायला."

मग आलं बुजगावणं. मडक्याचं डोकं, आखूड सदरा. "मी झोपत नाही, जेवत नाही, रजा मागत नाही." हौसाला वाटलं, याच्याहून चांगला कोण? पण त्याच्या धाकानं पाखरं पळाली आणि शेंगांवर अळ्याच अळ्या झाल्या. बुजगावणं आपलं हात पसरून उभंच!

मग तिसरी आली साळुंकी. पिवळ्या चोचीची, तोंडाची फटकळ. म्हणाली, "या मडक्याला आधी घरी ने, कोंबड्या राखायला. मी माझा गोतावळा आणते, अळ्या वेचते. मजुरी म्हणून बांधालगतची चार ताटं ज्वारी कापायची नाहीत. आहे कबूल?"

"कबूल!" हौसा म्हणाली.

मग काय! साळुंक्यांनी अळी म्हणून ठेवली नाही. शेंगा टचटचीत भरल्या. हौसा घरी निवांत झाली. बांधावर जाणंही तिनं सोडलं. इतका चांगला कारभारी असताना कशाला जायचं, नाही का?

दिवस गेले. साळुंकीनं गावची माणसं बोलावून तूर कापून घेतली, झोडून घेतली. वावटळ हळूच येऊन भुसा उडवून गेली. खळ्यावर ही एवढी रास लागली. डोंगर सावली पसरत आला. साळुंकीनं मापाची पायली राशीत घातली. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, बरं का, लाभ म्हणतात. ती म्हणाली, "लाभ!" पण पायली रिकामीच! पुन्हा घातली, रिकामी. तिसऱ्यांदा घातली, तरी दाणा येईना.

डोंगर म्हणाला, "मातीला ओळख पटत नाही. सूर्य टेकला की जमीन माझी."

साळुंकी भरारत हौसाच्या दारात आली. "ऊठ गं घाबरट! सगळं काम मी केलं, पण तुझे पाय कुठून आणू?"

हौसा धावतच रानाच्या बांधावर आली. समोर कापलेल्या तुरीचे टोकदार सड उभे होते, ऊन उतरत होतं. तिनं चपला काढल्या आणि अनवाणी खळ्याकडे निघाली. तेवढ्यात पायाखालून नाकतोडा टुणकन उडाला.

"अगं बाई!" हौसानं हातभर उंच उडी मारली.

आणि काय झालं माहितीये? जमीन हसली! खुदुखुदु हसली. म्हणाली, "हीच ती! पेरताना माझ्या अंगावर अशीच उड्या मारायची. किती दिवस वाट बघत होते मी हिची."

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मातीला हात लावला, तो कपाळी लावला आणि पायली राशीत घातली. "लाभ!" पायली शिगोशीग भरली. ते माप तिनं डोंगराला दिलं. डोंगरानं सावली गोळा केली आणि हसत हसत जागेवर जाऊन बसला.

मग हौसानं नाकतोड्यालाही नमस्कार केला. साळुंकीला म्हणाली, "बाई, कारभार तूच बघ. मी रोज सकाळी तुझ्याबरोबर रानात चक्कर मारीन."

"दचकत दचकत?"

"दचकत दचकत!"

चार ताटं ज्वारी बांधावर तशीच डुलत राहिली. हौसा, आत्या, साळुंकी, सगळी पोटभर जेवली आणि सुखानं राहिली.

चला, आता तुमचे पाय घ्या पांघरुणात. सकाळी उठलात की जमिनीवर हळूच टेकवा हं. ती वाट बघत असते. मिटा डोळे.