पाडसाची धाव

फार मागे एका माळरानावर हरणांचा कळप राहत होता. एका वर्षी जवळचं पाणी आटत चाललं, तेव्हा नदीवर जायचं ठरलं. वाटेत कोसभर उघडं मैदान होतं आणि तिथे लांडगे असत. कळपातलं एक पाडस उशिरा जन्मलेलं. त्याला अजून धड पळता येत नव्हतं.

म्हातारी हरिणी त्याच्या आईला म्हणाली, "पोरी, त्याला रोज माझ्यामागे लांबवर हळूहळू धावू दे. दम वाढेल."

कळपातला सगळ्यांत वेगवान काळवीट हसला. "आजी, तुझ्यामागे धावून त्याचं कासव होईल! मी शिकवतो. त्या जवळच्या बाभळीपर्यंत सुसाट पळायचं, थांबायचं, पुन्हा सुसाट. मी असाच पळतो."

आईला काळविटाचं पटलं. पाडसालाही ते आवडलं. थोड्याच दिवसांत ते बाभळीपर्यंत वाऱ्यासारखं जाऊ लागलं.

कळप निघाला, तसे लांडगे उठले. पाडस सगळ्यांच्या पुढे गेलं. पण अर्ध्या मैदानात त्याचा दम संपला आणि रोजच्यासारखं ते थांबलं. आई ओरडत राहिली, "थांबू नको रे बाळा!" त्याचे पाय हललेच नाहीत आणि लांडग्यांनी त्याला गाठलं.

नदीवर पोचल्यावरही कोणी पाण्याला तोंड लावेना. बऱ्याच वेळाने आईने काळविटाला विचारलं, "भाऊ, तू लहानपणी कसा शिकलास?"

काळवीट आठवत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "आईच्या मागे हळूहळू धावायचो. दिवसभर. वेगात पळायला फार नंतर लागलो."

म्हातारी पुढे आली. ती पाडसाच्या आईला खेटून उभी राहिली.