न वाळणारा पळस

"...बाकीची सगळी फुलं वाळली, मग एकटा पळसच का वाळत नाही, बाई?"

शाल्मलीनं चित्र अंगणातल्या बाजेला टेकवलं आणि पळसाच्या पाकळीवर बोट टेकवून दाखवलं. बोट केशरी झालं.

अनसूयाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. उद्या धुळवड. पातेल्यात पळसाची फुलं रटरटत होती आणि पाण्यात रंग उतरत होता. शाळेत याच बाईंनी शाल्मलीच्या हातात पहिला ब्रश दिला होता. आता ती नागपूरच्या कला महाविद्यालयात शिकत होती. पण अडलं की अजूनही इथेच यायची. आल्यावर भांडायचीही.

"कशानं रंगवलं?" बाईंनी विचारलं.

या प्रश्नाची ती वाटच पाहत होती.

"प्रत्येक फुलाला वेगळा ॲक्रिलिक घेतला, बाई. काटेसावरीला ट्यूबमधला घट्ट रंग, सुरीनं थापलाय. पांगाऱ्याला पातळ, कारण तो मला वाहता हवा होता. आंब्याच्या मोहराला ॲक्रिलिकची शाई आणि बारीक टाक. आणि पळसाला..."

"पळसाला?"

"सावकाश वाळणारा रंग. त्यात वाळणं लांबवणारं औषधही घातलं. जरा जास्तच पडलं."

"काऊन?"

"पुन्हा पुन्हा सुधारता यावा म्हणून. बाई, लोक पळसाखालून मोबाइल बघत जातात. डोक्यावर रान पेटलेलं असतं आणि मान वर होत नाही. मला त्यांना थांबवायचंय."

"मग सुधारला का?"

शाल्मलीनं चित्राकडे पाहिलं. सकाळपासून घासून घासून पळस विटकरी झाला होता. जाळ तर नाहीच, विस्तवही नाही.

"...नाही. मातकट झाला."

"आणि ओला."

"आणि ओला," ती चिडून म्हणाली. "संध्याकाळच्या बसनं चित्र गेलं नाही तर नागपूरच्या प्रदर्शनातली माझी जागा दुसऱ्याला मिळेल. दारासमोरची भिंत आहे, बाई. पहिल्यांदाच मिळाली. आणि हे ओलं चित्र कागदात बांधलं की पळस कागदालाच चिकटणार."

बाईंनी चुलीत लाकूड सारलं.

"बाकीची फुलं बरी झाली म्हणतेस?"

"बरी? एकदम पक्की. ॲक्रिलिक एकदा वाळला की संपलं. वर पाणी ओता, काही होत नाही त्याला."

"ओतू?"

"ओता की." शाल्मली हसली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पातेल्यात लोटा बुडवला, फुलं बाजूला सारून रंग भरून घेतला. निवावा म्हणून त्यात माठातलं गार पाणी घातलं. उठल्या. कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या...

आणि लोट्यातला रंग चित्रावर भिरकावला.

उरलेला शाल्मलीवर.

...

चुलीतलं लाकूड तडतडलं.

शाल्मलीच्या पांढऱ्या कुर्त्यावर खांद्यापासून पोटापर्यंत केशरी ओघळ उतरला. बाईंना काय काय बोलायचं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिची नजर चित्राकडे गेली.

काटेसावरीवरून पाणी रेनकोटवरून घसरावं तसं घसरून गेलं. पांगाऱ्यावरून गेलं. मोहरावरूनही गेलं. तिन्ही जशीच्या तशी. पक्की.

पळस मात्र पाणी प्यायला.

मातकट थर सुटला, सरकला, पाकळ्यांच्या कडांवरून खाली धावला. जिथे पातळ झाला तिथे खालचा पांढरा कॅनव्हास दिसू लागला आणि उन्हात पाकळी आतून उजळली. एक ओघळ थेट मोहरावरून खाली उतरला. फुलाच्या टोकाला थेंब लोंबत राहिला. पडेल, पडेल असं वाटत होतं. पडत नव्हता.

शाल्मली त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हा हलतोय."

मग तिला हसू फुटलं. केस गळत होते, कुर्त्याची वाट लागली होती, आणि ती पोट धरून हसत होती. बाईही हसायला लागल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या.

"तुम्ही वेड्या आहात, बाई."

"तूच म्हणालीस, ओता."

"आता कुणी हात लावू नका त्याला. श्वासही लांबून घ्या. असाच वाळू दे. अगदी असाच."

"आणि बस?"

"जाऊ दे. भिंतही जाऊ दे. वाळला की मग बघू."

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. टोकाचा थेंब अजून लोंबतच होता.

मग त्या वाकल्या. बाजेवर चित्र बांधायला आणलेला खाकी कागद होता, तो उचलून त्यांनी चुलीत घातला. भडका उडाला. चित्र दोन्ही हातांनी उचलून त्यांनी शाल्मलीच्या हातात दिलं, रंगाची बाजू बाहेर, रस्त्याकडे.

"बाई, हा अजून ओला आहे..."

"मग पळ, पोरी. हलतोय तोवरच लोक थांबतील. वाळायच्या आत नागपूर गाठ."