शिंपिणीची जड बादली

एका गावात एक उकिरडा होता. हसू नका, गोष्ट उकिरड्याचीच आहे. ज्यांना नाकाला पदर लावायचा असेल त्यांनी तो आत्ताच लावून घ्यावा.

हे गाव वसलं होतं उघड्या कातळावर. घरं होती, बाजारपेठ होती, देऊळ होतं. नव्हती ती फक्त माती. भाजी खालच्या मुलखातून बैलगाडीने यायची आणि घाट चढेपर्यंत पार माना टाकायची. मग गावातल्या यसूआक्काने एक उद्योग आरंभला. गावाबाहेरच्या खड्ड्यात ती घरोघरच्या साली, देठं, खरकटं आणि पालापाचोळा नेऊन टाकायला लागली. वर शेण, वर पाणी. लोकांनी तिला पोटभर हसून घेतलं. पण पुढे त्याच खड्ड्यातून काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. आक्काने ते कातळावर जाड पसरलं, त्यात मेथी पेरली, आणि मेथी अशी तरारून आली की हसणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली.

मग काय, सगळं गावच आक्काच्या मागे लागलं. उकिरड्याशेजारी गावाचा मळा झाला. दोडकी, वांगी, लाल माठ, भोपळे. दर बाजारच्या दिवशी घराघरातून कचऱ्याची बादली मळ्यावर यायची आणि भाजीचा वाटा घरी जायचा.

आता वाटा कसा ठरवायचा? यावर पुष्कळ भांडणं झाली. शेवटी नगरशेठ म्हणाले, "त्यात काय एवढं? ज्याची बादली जड, त्याला भाजी जास्त. जेवढं द्याल, तेवढं न्याल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यसूआक्कानेही डोलावली. मळ्याच्या फाटकाशी मोठा तराजू टांगला आणि वजन करायचं काम आक्काकडे आलं. सगळ्यांना वाटलं, काय न्यायाचा नियम आहे! त्यातली गोम कोणाच्याच ध्यानात आली नाही.

त्याच गावात एक शिंपी राहायचा. एकदा तो माळ्यावरून पडला, उजवा हात मोडला आणि वाकडाच जुळला. कात्री धरता येईना, सुई धरता येईना. घरात बायको अनुसया आणि दोन लेकरं. ओंजळभर कण्या आणि मळ्यावरची भाजी, एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

आणि इथेच ती गोम होती. पोटं भरेनात म्हणून अनुसया दोडक्याच्या सालींची चटणी करायची, माठाचे देठ शिजवायची, भोपळ्याच्या बिया भाजून लेकरांच्या हातावर ठेवायची. टाकायला काही उरायचंच नाही. मग बादली हलकी. बादली हलकी म्हणून भाजी कमी. भाजी कमी म्हणून पुढच्या वेळी बादली आणखी हलकी. भूक वाढत चालली आणि वाटा आटत चालला.

एका बाजारी लेकरं उपाशी झोपलेली पाहून निघालेल्या अनुसयेने वाटेतले दोन दगड उचलले. बादलीच्या तळाशी ठेवले आणि वर ओला पाला टाकला. कातळावरच्या गावात दगडाला काय तोटा! त्या दिवशी लेकरं पोटभर जेवली. अनुसयेने मात्र त्या भाजीला हात लावला नाही.

यसूआक्काला हे कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला? बादल्या खड्ड्यात उपड्या करणारी तीच. तिने दगड पाहिले, आणि मुकाट्याने कुंपणाकडेला टाकले. एकदा अनुसयेला बाजूला घेऊन तिने विचारलंही, "घरी बरं आहे ना गं?"

"बरं आहे की," अनुसया म्हणाली.

आक्काने आपल्या वाट्याची वांगी पुढे केली. अनुसयेने हात मागे घेतले. "नको आक्का. फुकटचं आम्ही खात नाही." एवढं बोलून ती निघून गेली.

पण एक दगड आक्काच्या नजरेतून सुटला. तो खताबरोबर थेट नगरशेठांच्या बागेत गेला. शेठजी स्वतः हौसेने कुदळ मारायला उतरले होते. खणकन् आवाज झाला, कुदळीचा दांडा मोडला आणि शेठजी फतकल मारून जास्वंदीत बसले. घरातले गडी तोंड फिरवून हसले. खतात दगड आला म्हणजे कोणाच्या तरी बादलीतूनच आला, हे शेठजींनी ताडलं. आता तुम्हीच सांगा, असा माणूस गप्प बसेल का?

पुढच्या बाजारी सगळ्या बायाबापड्या बादल्या घेऊन मळ्यात जमल्या, तेव्हा शेठजींनी फाटक लावून घेतलं. कडीला हात ठेवून ते गरजले, "आपल्यात एक चोर आहे! बादलीत दगड घालून गावाच्या तोंडचा घास पळवतो. आज एकेक बादली सगळ्यांसमोर उपडी होईल. ज्याच्या बादलीत दगड निघेल, त्याच्या घराला या मळ्यातलं पानसुद्धा मिळणार नाही. कधीच नाही!"

अनुसया रांगेत उभी होती. बादलीत दगड होते.

रांग सोडावी तर फाटक बंद, आणि सोडली तर सगळ्यांना कळणार. बादली सांडल्याचं नाटक करावं तर दगड सगळ्यांच्या पायांशीच गडगडणार. तिच्या डोळ्यांसमोर घरी वाट बघणारी लेकरं आली. मळा तुटला की संपलंच.

"पहिली बादली माझी!" शेठजी रुबाबात म्हणाले. गड्याने ती उपडी केली. धप्पकन् ढीग पडला. अख्ख्या पुऱ्या, अर्धवट खाल्लेले लाडू, वाटीच्या आकारात घट्ट बसलेला भात. कोणीतरी खुदकन् हसलं.

"पाहुणे होते आमच्याकडे," शेठजी घाईने म्हणाले. "दगड आहे का सांगा?"

दगड नव्हता. त्यांना सगळ्यांत मोठा वाटा मिळाला.

रांग पुढे सरकू लागली. कासारणीची बादली झाली, तेल्याची झाली, गुरवाची झाली. प्रत्येक बादली उपडी होताना सगळे माना उंचावून बघायचे, आणि दगड नाही म्हटल्यावर एकमेकांकडे संशयाने पाहायचे. "मला वाटलंच होतं तिचं असणार," असं कासारणीने तीन-चार जणींबद्दल तरी पुटपुटून घेतलं. अनुसया पाऊल पाऊल पुढे सरकत होती. आता तिच्यापुढे एकच बाई. आता कोणीच नाही.

यसूआक्काने अनुसयेच्या बादलीची कडी धरली. वजन हाताला लागताच तिला कळलं. तिने अनुसयेकडे पाहिलं. अनुसया डोळे मिटून उभी होती.

"उपडी करा आक्का," शेठजी म्हणाले.

आक्काने बादली खाली ठेवली. मग सरळ उभी राहून ती म्हणाली, "शेठजी, शोध थांबवा. दगड मी घातले."

सगळ्यांच्या माना आक्काकडे वळल्या.

"तुम्ही?" शेठजींचा आवाजच चिरकला. "तुम्ही, आक्का? ज्यांनी हा खड्डा भरला, त्याच तुम्ही?"

"हो. कुंपणापाशी जाऊन बघा, तिथे ढीग आहे. माझ्याच हाताने टाकलेत."

दोघेजण धावले. ढीग होताच. लोकांत कुजबुज सुरू झाली. शेठजी लालबुंद झाले. "मग नियम तो नियम. तराजू सोडा आक्का. या मळ्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

आक्काने तराजूची दोरी खुंटीला बांधली, पदराला हात पुसले आणि फाटकाची कडी काढून ती बाहेर पडू लागली. या मळ्यातल्या मातीचा कण न् कण तिने केला होता. तिची पावलं जड पडत होती, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आक्का, थांबा!"

अनुसया ओरडली होती. तिने बादली दोन्ही हातांनी उचलली आणि स्वतःच उपडी केली. दगड खणखणत बाहेर पडले. त्यांच्यावर ओला पाला आणि कांद्याची चारदोन टरफलं.

"आक्का खोटं बोलतायत. दगड माझे आहेत. त्यांनी फक्त निवडून बाजूला टाकले."

"लाज नाही वाटली?" शेठजी कडाडले. "दर बाजारी भाजी नेतेस ना? मग साली कुठे जातात तुझ्या घरच्या?"

"खातो!" अनुसया म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. "साली खातो, देठ खातो, बिया खातो. टाकायला काही उरत नाही, शेठजी. आणि टाकलं नाही तर तुमच्या तराजूवर मला काही मिळत नाही. सांगा, मी काय करू? लेकरांच्या ताटातलं काढून बादलीत घालू?"

अनुसयेचे दगड आणि शेठजींच्या पुऱ्या, दोन्ही ढीग जवळजवळच पडले होते. आधी एकाने पाहिलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. शेठजींनीही पाहिलं. त्यांची मान खाली गेली, पण तोंड काही गप्प राहिना. "तरीपण... नियम म्हणजे..."

"अहो, पुरे!" मागून शेठाणींचा आवाज आला. गर्दीतून वाट काढत त्या पुढे आल्या. "शेजारणीचं भांडं आपल्या घरी आलं, तर मी ते कधी रिकामं परत धाडते का? काही नसलं तर चिमूटभर साखर घालते. आणि इथे आपण एका घरची बादली बाजारामागून बाजार रिकामी पाठवली!"

त्यांनी आपल्या वाट्यातली वांगी, दोडकी आणि माठाची जुडी अनुसयेच्या बादलीत भरायला सुरुवात केली.

"फुकटचं नको, शेठाणीबाई," अनुसया डोळे पुसत म्हणाली.

"फुकट कसलं? सालींची चटणी शिकव मला. आमच्या घरात किती वाया जातं ते आज सगळ्या गावाने पाहिलंय. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

शेठजींनी घसा खाकरला. मग ते फाटकाशी गेले आणि त्यांनी तराजू खाली उतरवला. यसूआक्का अजून तिथेच उभी होती. तिच्यापुढे हात जोडून ते म्हणाले, "आक्का, आत या. वाटा कसा करायचा ते आता तुम्ही सांगा."

"मी काय सांगणार?" आक्का म्हणाली. "त्या नियमाला मीही मान डोलावली होती. एवढंच करू. घरात खाणारी तोंडं किती ते बघून भाजी देऊ. बादली जड असो, हलकी असो, रिकामी परत जाणार नाही."

तसंच ठरलं. पुढे गावातल्या बादल्या हलक्या होत गेल्या, कारण घराघरात दोडक्याच्या सालींची चटणी व्हायला लागली. खड्डा भरायला लोक रानातला पाला वेचून आणू लागले. शिंपी डाव्या हाताने टाके घालायला शिकला, आणि अनुसयेने आणलेले दगड फाटकाशी बादल्या टेकवायला कामी आले.

एका बाजारी खुद्द नगरशेठ बादली घेऊन आले. बादलीच्या तळाशी लिंबाच्या दोन साली आणि चहाचा चोथा, बस्स. ते ओशाळून म्हणाले, "आक्का, आज आणायला काही विशेष नाही हो."

"मग ठेवा की दगडावर," यसूआक्का म्हणाली, आणि तिने त्यांची बादली भाजीने भरून दिली.

तात्पर्य: कोणी किती टाकलं यावरून त्याचा वाटा ठरवू नये, त्याच्या ताटात किती उरलं आहे, ते आधी बघावं.