कोठाराचा भागाकार

सरदार भुजंगरावाने मोरधारगडाला वेढा घातला आणि महिनाभराने आपला वकील वर धाडला. वकील सदरेवर मिशीला पीळ देत म्हणाला, "हिशेब सोपा आहे. तुमच्या एकास आमचे पन्नास आहेत. तुमचा दाणा संपेपर्यंत आम्ही खाली बसून राहू. त्यापेक्षा आजच किल्ल्या द्या."

किल्लेदार हैबतरावांचा चेहरा उतरला. त्यांचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला, तोच कोठार सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी चिमाबाई पुढे आल्या.

"वकीलसाहेब, माणसं पन्नासपट म्हणजे खाणारी तोंडंही पन्नासपटच ना? आमचं एक पोतं संपतं तेव्हा तुमची पन्नास संपतात. खालच्या गावांनी तर धान्य घेऊन केव्हाच रान गाठलंय. आमचं एक कोठार रिकामं होईस्तोवर तुम्ही पन्नास कोठारं आणणार कुठून?"

वकिलाची मिशी खाली आली.

बाई म्हणाल्या, "सरदारांना म्हणावं, भागाकार करून बघा. आमचं भागतंय. तुमची माणसं मात्र आत्ताच भागलेली दिसतात."

सरदाराने भागाकार केला असावा. सकाळी पायथ्याला एकही राहुटी नव्हती. गडावर नगारा वाजला, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

हैबतरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं, कोठार भरलेलं होतं!"

"कसलं भरलेलं! झाडून काढलं तर उद्याचं भागेल," चिमाबाई म्हणाल्या. "एकास पन्नास हे त्यांनीच सांगितलं. कोठारात पोती किती, हे मात्र कुणी विचारलंच नाही."